लिंबू

मेझ, २३ नोव्हेंबर

प्रिय गोतिए दादा,

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन शाळेत होते तेव्हाही वाईटच होतं, आता तर शाळाच सुटली. मामाच्या कॉम्प्युटरवर एका बोटाने लिहितेय, अक्षरं शोधण्यातच जीव जातो. पण फोनवर मला असलं काही बोलता येत नाही, तुला माहितीय.

कसा आहेस? तिकडे कांकालला कालवं धुताना हात गारठत असतील. इथे वारा सुटलाय. आई बरी आहे. तुझी खोली झाडून ठेवलीय.

तू विचारलंस, जुनी बोट मिळतेय, घेऊ का, नाताळला येतो तो कायमचाच, बाबांच्या हाताखाली. सांगते. आधी रविवारचं सांगते.

रविवारी फुल्क्राँ मामा आला, त्याच्या द्राक्षमळ्यातली नवी पिकपूल वाइन घेऊन. टाकीतून काढलेली, बिनलेबलाची बाटली. दरवर्षीसारखं, वाइन त्याची, कालवं आपली, आणि शेडच्या दारात उभ्याउभ्याच खायचं. आल्या आल्या ओरडला, "काय दाजी, ताट कुठाय? का यंदा पाहुण्याला नुसतं पाणी?"

"पाणी तर तूच आणलंयस बाटलीतून," बाबा म्हणाले. मला बरं वाटलं. वाटलं, आहेत तसेच आहेत.

मग ताट आलं. मामाने एक कालव गिळलं, वर घोट घेतला आणि दुसरं उचललंच नाही. मी शिंपला उलटा करून बघितला. आपण एकेक कालव सिमेंटने दोराला चिकटवतो ना, त्याचा डाग पाठीवर राहतोच. या पाठी स्वच्छ होत्या.

"दाजी, ही कुठली?"

"कांकालची. सुपरमार्केटमधून आणली." मग म्हणाले, "पोरगा तिथेच आहे. त्याच्या हातातून गेली असतील एखादवेळेस."

आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मागू, लिंबू आण गं."

दादा, लिंबू! लिंबू मागणाऱ्या पॅरिसच्या त्या बाईला बाबांनी शेडमधून हाकललं होतं, आठवतंय? "ज्याला पिकपूल मिळत नाही त्याने लिंबू पिळावं" म्हणून. आपल्या घरात लिंबू नव्हतंच. शेजारून मागून आणलं. मामाने पण मुकाट्याने पिळलं.

ऑगस्टमध्ये आपल्या खाऱ्या तळ्याचं पाणी उकाड्याने सडून पांढरं झालं तेव्हा मी तुला म्हटलं होतं, थोडी कालवं मेली. थोडी नाही रे. सगळी. दोर वर ओढला की नुसते उघडे शिंपले, आणि तो वास. बाकीच्यांनी उकाडा बघून जुलैतच काढून विकली होती, बारीक तर बारीक. मी म्हटलं, बाबा, आपणही काढूया. तर म्हणाले, "नाताळला पोरगा येतोय, तोवर भरू देत."

हे मला लिहायचं नव्हतं. तुझा काही दोष नाही त्यात. पण ते कोणाला बोलत नाहीत, आणि मी एकटीनेच ऐकलंय.

पाण्यातली आपली कालवांची जागा त्यांनी सोडली. सही झाली. आता सुपरमार्केटमध्ये मासळीच्या काउंटरवर उभे असतात, पांढरी टोपी घालून. मी एकदा बर्फाच्या मशीनमागून बघितलं. एका गिऱ्हाइकाला विचारत होते, "सोबत लिंबू देऊ?"

तर बोट घेऊ नकोस. नाताळला ये, पण परतीचं तिकीट काढून ये. आलास की बाबांना काही विचारू नकोस. आणि तिकडची कालवं आणू नकोस.

मामाने अर्धी बाटली शेडमध्येच ठेवलीय. कोणी हात लावला नाही. आता आंबली असेल.

अरे हो, बेकरीवाली मादाम बुस्के लग्न करतेय. टपालवाल्याशी!

तुझी,
अजून लिंबाशिवाय खाणारी,
मागलोन