बाबांचे तोंड पाहीपर्यंत

प्रिय तिर्झा,

तुझे पत्र येऊन अकरा दिवस झाले. तुला रोममध्ये ओलीस म्हणून पाठवताना मी पेटीत सुके अंजीर ठासून भरले होते, आणि आता तू लिहितेस की बाबांचे तोंड पाहीपर्यंत कोरडी भाकरी अन् पाणी याशिवाय काही घेणार नाही, अशी देवासमोर शपथ घेतलीस. बारा वर्षांची पोर आणि शपथ केवढी! हा हट्ट बापाकडचा, माझ्याकडचा नाही. तुझ्या दाईने खाली दोन ओळी लिहिल्या आहेत की तुझ्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकतात. त्या ओळी वाचल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

आपल्या धर्मात मुलीची शपथ बापाला मोडता येते, पण ऐकली त्याच दिवशी. तो गप्प राहिला आणि सूर्य मावळला, की शपथ पक्की. आईला हा अधिकार नाही, मग ती राणी का असेना. पत्र आले तेव्हा बाबा तापाने फणफणले होते. ग्लानीत ऐकतील, काही न बोलता दिवस बुडेल, या भीतीने मी पत्र कमरेला खोचून ठेवले. पाचव्या दिवशी ताप उतरला, त्यांनी डोळे उघडले आणि विचारले, "पोरीचं काही पत्र?" सूर्य डोंगराला टेकला होता. वाचेपर्यंत, त्यांना समजेपर्यंत अंधार झाला असता. मी म्हटले, "वारा उलटा आहे, जहाजं अडकलीत." ते हसले. "वारासुद्धा रोमचाच झाला की काय गं?" उद्या सकाळी सूर्य उगवताच वाचून दाखवायचे, म्हणजे शपथ मोडायला त्यांना पूर्ण दिवस मिळेल, असे मी ठरवले. किती शहाणी समजत होते मी स्वतःला!

तुला घरी आणावे म्हणून इथल्या रोमन अधिकाऱ्याकडे गेले. "राणीसाहेब, अर्ज लिहून ठेवा, वसंतात बघू," म्हणाला. मुकुट डोक्यावर आहे, पण माझ्या लेकीच्या ताटात एक ऑलिव्ह वाढण्याइतकीही सत्ता माझ्या हातात नाही. मग म्हाताऱ्या हनामेल गुरुजींचे पाय धरले. ते म्हणाले, "तीन जाणत्यांपुढे मुलीने स्वतः सांगितलं, की पुढे काय होणार हे माहीत असतं तर शपथ घेतलीच नसती, तर ते तिला मोकळं करू शकतात." रोममधल्या आपल्या लोकांपैकी तिघे हे पत्र घेऊन आले आहेत. आत्ता ते तुझ्यासमोर बसले असतील. त्यांच्यासमोर नीट बस.

तिर्झा, ती सकाळ उगवलीच नाही. सूर्य उगवण्याआधी बाबा गेले. पत्र माझ्या कमरेलाच होते. त्यांचे तोंड आता तुला दिसणार नाही, म्हणजे तुझी शपथ जन्मभर संपणार नाही, आणि हे माझ्यामुळे झाले. रागाव माझ्यावर, आयुष्यभर रागाव, पण त्यासाठी आयुष्य हवे. तुला माझी शपथ घालणार होते, पण शपथांची आता धास्ती वाटते. ते तिघे विचारतील, "बाप पुन्हा दिसणार नाही हे ठाऊक असतं, तर शपथ घेतली असतीस का?" मोठ्याने 'नाही' म्हण. सुतकातले पहिले जेवण परक्यांनी आणायचे असते, म्हणून त्यांनी मसूर शिजवून आणले आहेत. आधी जेव, बाळा. मग रड.

तुझी, फक्त तुझीच,
आई