फक्त ह्याच मशीनवर चालणारी गेम

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, चौतीस वर्षे वकिलांच्या कचेरीत टंकलेखिका, सध्या निवृत्त आणि रिकामटेकडी (शेवटचा शब्द चिरंजीवांचा), आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाशिवाय आणि कोणाच्याही सल्ल्याशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने टाइप करत आहे. सल्ला द्यायला तिघे येऊन गेले. त्यांना चहा पाजून वाटेला लावले.

येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. "काळजीचं काही कारण नाही," असे डॉक्टर हसत म्हणाले. हे वाक्य ऐकून घाईघाईने करायला आलेली मृत्युपत्रे मी आयुष्यात इतकी टाइप केली आहेत की घरी आल्या आल्या टाइपरायटरवरचे फडके काढले.

याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. आधीचे एकच आहे. त्यात मी सगळे आमच्या ह्यांच्या नावे केले होते. हे पाच वर्षांपूर्वी माझ्याआधीच गेले. कुठेही रांग दिसली की पुढे घुसायची त्यांना सवयच होती.

कलम एक. राहते घर, तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, एक न उघडणारी खिडकी. हे घर माझ्या एकुलत्या एका मुलास मिळावे. मात्र कलम सात त्याला सर्व नातेवाइकांसमोर मोठ्याने वाचून दाखवल्यावरच किल्ली द्यावी. वाचन वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी करावे. त्यांचा आवाज खणखणीत आहे आणि त्या शब्द गाळत नाहीत.

कलम दोन. बँकेतली ठेव सूनबाईंना. चिरंजीवांना नाही, कारण चिरंजीव आपल्या वडिलांवर गेले आहेत. वडील काय होते ते कलम चारमध्ये येईल.

कलम तीन. माझा टाइपरायटर नणंदबाईंना. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या होत्या, "वहिनी, तुमच्या ह्या टकटकीनं माझं डोकं उठतं हो." त्यांना तो नव्या रिबनसह, चालू स्थितीत पोचता करावा.

कलम चार. गेम खेळायची मशीने. इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण वाचणाऱ्याला वाटेल की हे घर होते की दुकान.

आमचे हे वजनकाटे दुरुस्त करत. दुसऱ्याच्या काट्यात गुंजभर फरक निघाला तर त्यांना जेवण जात नसे. असा हिशेबी माणूस गेमच्या दुकानात शिरला की पार विरघळून जायचा. दुकानाच्या दारातच मोठा टीव्ही, त्यावर नवी गेम चालू, आणि खाली पाटी: "फक्त ह्याच मशीनवर." आधीचे मशीन घरी ठणठणीत असे. पण ही गेम त्यावर चालत नसे. चालू नये अशीच बनवलेली असे. हे मला कळायचे, माझ्या नणंदेलाही कळायचे, फक्त ह्यांना कळायचे नाही.

पहिले मशीन मोटारींच्या शर्यतीसाठी आले. हे शर्यत कधी धावलेच नाहीत. त्या गेममध्ये घाटातल्या एका वळणावर धबधबा दिसे. तिथे गाडी उभी करून बसत. मागच्या गाड्या भोंगे वाजवून जीव टाकायच्या. मी म्हटले, "पाणीच बघायचंय तर मोरीतला नळ सोडून बसा." तर म्हणे, "अगं, असं पाणी फक्त ह्याच मशीनवर दिसतं!"

दुसरे मासेमारीच्या गेमसाठी. मासा गळाला लागला की तिथल्या काट्यावर वजन करायचे. आमच्या ह्यांच्या मते तो काटा खोटा होता. कंपनीला तक्रारीचे पत्र माझ्याकडून टाइप करून घेतले, तीन प्रतींत. उत्तर आले नाही. अपराध्यांची हीच पद्धत असते, असे हे म्हणाले. तिसरे एका राक्षस मारायच्या गेमसाठी. राक्षस शेवटी म्हातारा निघाला, म्हणून ह्यांनी त्याला मारलाच नाही. चौथ्या मशीनची तर कमालच. ज्या गेमसाठी ते घेतले ती यायचीच होती. "येणार आहे, येणार आहे" असे दोन वर्षे सांगून ती आली, तीही पाचव्या मशीनवर.

दर वेळी ह्यांचे एकच वाक्य: "हे शेवटचं." आणि माझे: "बरं."

तरी पहिली चार मशीने भाचरांना, एकेकाला एक. कोणाला कोणते यावरून भांडायची त्यांना पूर्ण मुभा आहे. पाचवे मशीन मला कोणालाच देता येत नाही, कारण ते माझ्याकडे नाही. ते कुठे गेले ते कलम सातमध्ये आहे.

कलम पाच. ह्यांची वजने, पकडी आणि बारीक स्क्रू ड्रायव्हरांचा डबा त्यांच्या जुन्या जोडीदाराला. ह्यांच्या माघारी तोच आमच्या कंट्रोलरची अडकलेली बटणे साफ करून देई आणि वर म्हणे, "वहिनी, ह्या वयात एवढं जोरात दाबता?" हो, दाबते.

कलम सहा. सहावे मशीन. माझ्या खोलीत कपाटावर, खोक्यात, सीलबंद, वर लाल फीत. गेली तीन वर्षे तसेच. चिरंजीवांनी दिलेले. खोक्याशेजारी सात गेम आहेत, त्याही सीलबंद. दर काही महिन्यांनी, एखाद्या रविवारी, चिरंजीव एक नवी घेऊन येतात आणि सेल्समनसारखे बोलतात. "आई, ही बघ, हिच्यात आगगाड्या आहेत." "आई, हिच्यात बाग लावायची असते." "आई, ही फक्त तुझ्याच मशीनवर चालते." मी म्हणते, "ठेव तिथे." तो ठेवतो, चहा पितो, खोक्याकडे बघतो आणि जातो. एवढा शिकलेला मुलगा, पण सात वेळा नकार मिळूनही आठवीच्या तयारीत असतो. बापावर गेलाय, दुसरे काय. हे मशीन त्या सात गेमसकट त्यालाच परत द्यावे. खोका मी उघडलेला नाही आणि उघडणारही नाही.

कलम सात. मुलास.

पाचव्या मशीनवर एक बंदराची गेम होती. दोघांनी मिळून खेळायची. ओसाड किनाऱ्यावर धक्का बांधायचा, दीपगृह उभारायचे, जहाजे यायला लागली की त्यांची नोंद ठेवायची. बांधकाम ह्यांचे, नोंदवही माझी. आमचे बंदर नऊ वर्षे चालले. चारशे बारा जहाजे लागली. तू तेव्हा नोकरीत बुडालेला होतास. आम्ही दोघे म्हातारे दुपारभर टीव्हीसमोर बसतो म्हणून हसायचास. हसलास त्याचा राग नाही. आम्हीही हसत होतो.

त्या गेमची एक रीत होती. दुसरा कंट्रोलर कोणी हातात घेतला नाही, तर दुसऱ्याचा माणूस धक्क्यावरच्या बाकावर जाऊन बसतो आणि पेंगतो. आपण जवळ गेलो की जागा होतो आणि हात करतो. एवढेच. बोलत नाही.

तुझे बाबा गेल्यावर दोन वर्षे मी रोज ते बंदर उघडत होते. जहाजांशी मला काही देणेघेणे नव्हते. मी सरळ बाकाजवळ जायचे. निळी टोपी, वाकडी मिशी, ह्यांनी स्वतः निवडलेली. ते जागे व्हायचे आणि हात करायचे. मग मी टीव्ही बंद करून भाजी चिरायला घ्यायचे. वेड लागले म्हण हवे तर. मला त्याने बरे वाटायचे.

मग मी आठवडाभर नणंदेकडे गेले. परत आले तर टीव्हीखाली लाल फितीचा खोका. "आई, सरप्राइज! बंदराचा दुसरा भाग आलाय, फक्त ह्याच मशीनवर चालतो. जुनं दिलं एक्स्चेंजमध्ये!" आजकाल लोक सगळे कुठेतरी ढगात साठवून ठेवतात म्हणे. आमच्या ह्यांनी ते मशीन इंटरनेटला जोडूच दिले नाही. "आपलं बंदर लोकांनी कशाला बघायचं?" म्हणून जे होते ते त्या एका डबड्यात होते. ते तू दुकानात देऊन आलास. मी त्या दुकानात फोन केला. घेतलेले प्रत्येक मशीन आम्ही त्याच दिवशी कोरे करतो, असे त्यांनी अभिमानाने सांगितले.

मी तुला म्हणाले, "छान." तीन वर्षे तो शब्द मला सलतो आहे. तुझे बाबा दोनदा गेले, आणि दुसऱ्यांदा तू त्यांना नेऊन सोडलेस. हे तुला कळायला हवे म्हणून लिहिले. जिवंतपणी सांगायचे धाडस झाले नाही. आता सगळ्यांसमोर ऐक.

(इथवर टाइप करून साक्षीदारांना बोलावले: शिंपीणबाई आणि कोपऱ्यावरचे औषधवाले. पुढचा मजकूर त्यानंतरचा आहे.)

कलम आठ. साक्षीदाराने मृत्युपत्र वाचलेच पाहिजे असा नियम नाही. शिंपीणबाईंनी वाचले. मधे एकदा चष्मा पुसला. मग कागद टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ताई, मी नाही सही करणार."

"का? शुद्धीत नाही का मी?"

"शुद्धीत आहात म्हणून तर राग येतोय. हे मी त्याला तुम्ही गेल्यावर वाचून दाखवायचं? आणि मग त्यानं उत्तर कुणाला द्यायचं, भिंतीवरच्या फोटोला?"

मी औषधवाल्यांकडे पाहिले. ते छताकडे पाहत होते. शिंपीणबाईंनी माझाच फोन माझ्या हातात दिला. "बोलवा त्याला. नाहीतर शोधा दुसरी साक्षीदार."

मंगळवार तोंडावर, शनिवारी दुपारी दुसरी साक्षीदार कुठून आणायची? बोलावले.

तो अर्ध्या तासात आला. त्याला वाटले, मला काही झाले. मी ठीक आहे हे बघून आधी चिडला, मग मी कागद पुढे केला. त्याने उभ्यानेच वाचले. कलम सातवर फार वेळ थांबला. मी मनात तयारी केली होती की तो म्हणेल, "मला काय माहीत?" आणि मग मी काय काय बोलणार तेही ठरवले होते.

तो म्हणाला, "मला माहीत होतं, आई."

मी म्हटले, "काय माहीत होतं?"

"दुकानात त्यांनी मशीन चालू करून पाहिलं. बंदर उघडलं. बाकावर एक माणूस होता. गेममधला तुझा माणूस तिथंच शेजारी उभा होता ना, म्हणून त्यानं हात केला. माझं अर्धं लक्ष फोनमध्ये होतं. त्यांनी विचारलं, पुसायचं का? मी हो म्हणालो. रस्त्यावर आलो आणि ती मिशी डोळ्यांसमोर आली. धावत परत गेलो गं. पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. कोरं करून शेल्फवर ठेवलं होतं."

"आणि तीन वर्षं तोंड शिवलं होतंस?"

"तू छान म्हणालीस."

मी खुर्ची ओढून बसले.

तो म्हणाला, "मला वाटायचं, एखादी तरी गेम अशी आणीन की तू तो खोका उघडशील. उघडलास की तुला राग येईल. मग मला शिव्या घालशील, आणि एकदाचं संपेल. तू नुसतं 'ठेव तिथे' म्हणायचीस."

मग मी त्याला बोलले. तीन वर्षांचे सगळे एकदम बोलले, आवाज चढवून, टेबलावर हात आपटून, डॉक्टरांनी जे जे करू नका म्हणून सांगितले होते ते सर्व केले. नाठाळ म्हणाले, आंधळा म्हणाले, बापाचा मारेकरी म्हणाले. ते म्हटल्यावर मलाच रडू आले. तोही रडला. शिंपीणबाईंनी दार लावून घेतले. औषधवाल्यांनी माझी नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

कलम नऊ. कलम सात मी रेघ मारून रद्द करत आहे. कलम एकमधील किल्लीची अटही रद्द. आमच्या कामात खाडाखोड रबराने करत नाहीत आणि पांढरा रंगही फासत नाहीत. एकच सरळ रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, आणि शेजारी सह्या करायच्या. त्याप्रमाणे केले आहे. काय लिहिले होते ते कोणालाही वाचता येईल. ते आता लागू नाही, एवढेच.

कलम दहा. साक्षीदारांनी सह्या केल्या तेव्हा मुलाने पेन मागितले. म्हणाला, "मीपण करतो." मी त्याला सांगितले की ज्याला घर मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नसते. केली तर घर हातचे जाते. चौतीस वर्षे मी लोकांना हेच बजावत आले.

तो म्हणाला, "जाऊ दे घर. तू मला सगळं बोललीस आणि मी समोर उभा राहून ऐकलं, एवढी माझी साक्ष असू दे."

ती साक्ष मी इथे लिहून घेतली आहे. पेन त्याला दिलेले नाही. घर त्याचेच आहे.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
तारीख: सात नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळचे साडेपाच

लिहून ठेवणारी: (सही)

आमच्यासमक्ष, शुद्धीत आणि संतापात सही केली:
साक्षीदार पहिली: शिंपीणबाई, वरचा मजला (सही)
साक्षीदार दुसरे: औषधवाले, कोपऱ्यावरचे दुकान (सही, नाडी आता ठीक)