लाइन चालू होती

रिठद, ता. रिसोड
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय राखी,
अनेक आशीर्वाद. बाळाचा एक पापा घे माझ्या नावानं. ऋषिकेशरावांना नमस्कार सांग. इकडे सगळे ठीक आहेत. तूर शेंगांवर आली आहे, थंडी पडायला लागली आहे. तुझे दादा सकाळीच शेतात गेलेत, म्हणून निवांत लिहायला बसले.

व्हॉट्सअ‍ॅप असताना वहिनीनं पत्र काहून पाठवलं, असं वाटेल तुला. फोनवर लिहिलं असतं तर पहिलीच ओळ वाचून तू लगेच व्हिडिओ लावला असतास. हे सगळं तू एका बैठकीत वाचावं, एवढंच मला हवं आहे.

रविवारी तुला नेट दिसलं ना आमचं! गावभर वायर फिरली आहे. बचत गटातल्या पौर्णिमानं ट्रेनिंग घेतलं, तीच घरोघरी डबा बसवून देते. आधी तुझ्याशी बोलायचं म्हणजे पाण्याच्या टाकीजवळ जावं लागे, आणि तिथंही चित्र अडकायचं. अर्धा वर गेलेला हात तसाच राहायचा आणि तू त्याचा भलताच अर्थ लावून रुसायचीस. ऐकणाऱ्या माणसांचं आवाजावर भागतं गं. तुझ्या-माझ्या बोलण्यात एक बोट हुकलं की सगळं वाक्य गेलं. रविवारी मात्र बाळाच्या पापण्यासुद्धा दिसत होत्या.

आणि मग एकदम बंद पडलं. मी तुला लिहिलं, नेट गेलं. मलाही तेव्हा तसंच वाटलं. पौर्णिमाला बोलावलं. तिनं डब्यामागे वाकून पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, लाइन तर चालू हाय. पिन कोनं काढली?"

पिनेच्या शेजारी फक्त आई बसल्या होत्या. त्या वर पत्र्याकडे पाहत होत्या.

राखी, त्याआधी तू काय विचारलं होतंस, आठवतं? आई एकाच हातानं का बोलून राहिली, दुसरा पदराखाली का. त्याचं उत्तर त्यांना द्यायचं नव्हतं.

आता सांगते. आधी हे वाच, की आई बऱ्या आहेत. चालतात, जेवतात, मला रागावतात.

पोळ्याच्या आधी एका सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या त्यांच्या हातातून पळी गळली. तोंड वाकडं झालं. तुझ्या दादांनी तशीच गाडी काढली आणि वाशीमला नेलं. लकवा होता. वेळेवर पोचलो म्हणून जीव वाचला. हळूहळू पाय सुधारला, जीभ सुधारली. उजवा हात मात्र लोंबताच राहिला.

तुला सातवा सुरू होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तुला आणायचा दिवसही ठरला होता. आणि आम्ही कळवलं, तिकडेच थांब, नाशिकचे दवाखाने बरे. बारशालाही एकटे दादा आले, आईंचे गुडघे दुखतात म्हणून. तेव्हापासून तू माझ्या चार ओळींना एक अंगठा पाठवतेस. माहेराला मी जड झाले, असं तुला वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं असतं.

मी दवाखान्यातच म्हटलं होतं, राखीला कळवू. आई जड जिभेनं म्हणाल्या, "तिले सांगू नोको. पोटुशी हाय." बाळंतपण सुखरूप झाल्यावर पुन्हा विचारलं, तर रडल्या. "साधना, तिच्याशी मी तोंडानं बोलत नाही, हातानं बोलतो. माहा हात गेला म्हंजे तिच्यासाठी मी मुकी झाली. मुकी माय कायले दाखवतं तिले?"

मी हातातला फोन बाजूला ठेवला.

वाशीमच्या स्नेहा मॅडम व्यायाम घेतात. त्या म्हणाल्या, रोज करून घ्यावा लागेल, घरी नेट असेल तर मी व्हिडिओवर घेईन. रोज वाशीमला नेणं होत नव्हतं, ऑटोच्या हादऱ्यानं आई दोन दिवस निजून राहायच्या. दसऱ्याला डबा बसला तो आधी त्यासाठी. हो, नेट दसऱ्यालाच आलं होतं. तुला कळवू दिलं नाही. "पह्यले हात," म्हणायच्या.

मॅडमनी दाबायला रबरी चेंडू सांगितला. आईंनी तो बाजूला ठेवला आणि भुईमुगाच्या शेंगा मागितल्या. रोज सूप पुढ्यात घेऊन बसायच्या. अंगठा शेंगेवर ठेवायचा आणि नुसतं पाहत राहायचं. दिवाळीनंतर एक शेंग फुटली. दाणे घरभर उडाले. फोनमधून मॅडम टाळ्या वाजवत होत्या आणि मी जमिनीवर बसून रडत होते.

हात पूर्वीसारखा होईल असं मॅडम म्हणत नाहीत. पण होतोय. बाळाला पाहायचा मोह आवरला नाही, म्हणून रविवारी त्या समोर आल्या. तू विचारलंस आणि घाबरल्या.

काल दुपारी मी भाकरी करत होते. आईंनी हाक मारून फोनमधला तुझा फोटो काढायला लावला. उजवं मनगट मांडीवर ठेवलं आणि डाव्या हाताच्या बोटांनी त्याभोवती दोरा गुंडाळल्यासारखं केलं. तुझं नाव. तू लहान असताना त्यांनीच ठरवलेली खूण, फक्त हात बदलले. मला म्हणाल्या, "समजन का तिले?"

मी म्हटलं, "आई, तिले नाही समजन तं कोनाले समजन?"

मग बराच वेळ फोटोपुढे तेच करत राहिल्या. चेहरा इतका मोकळा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं. तुझ्यापासून लपवत तुझ्याशी बोलायचं, हे मला फार जड गेलं गं.

पत्र मिळालं की आधी रडून घे, मग कळव. बाळाला सव्वा महिना झाला की दादा तुम्हाला घ्यायला येतील, ऋषिकेशरावांशी त्यांनी बोलणं केलंय. खोली सारवून ठेवली आहे.

आईंना विचारलं, शेवटी काय लिहू? म्हणाल्या, "लिही, माय बरी हाय. बाकी तं मी सोता सांगन तिले."

तुझ्या खऱ्या उत्तराची वाट पाहणारी,
अंगठा चालणार नाही,
तुझी वहिनी साधना