भूगोलाची दुसरी वही

मु. वरचीवाडी, तळ्यानजीक
ता. ११ जानेवारी १९५९

ती. दादास,

वेणूचा नमस्कार. इथे मी आणि आई बऱ्या आहोत. आईचा खोकला थंडीने वाढला होता, आता उतार आहे. भाताची झोडणी कधीच आटोपली आणि शाळेमागच्या शेतांत वाल शेंगेला आला आहे. वहिनी आणि मुलं कशी आहेत ते कळव.

तुझं श्रावणातलं पत्र मिळालं होतं. उत्तराला पाच महिने लागले. तू लिहिलं होतंस, "भूगोलाची पहिली वही फार उपयोगी पडली. आता खालच्या गावांची दुसरी वही लवकर पाठव, पुस्तक अडून राहिलंय."

दुसरी वही लिहून झाली आहे. मांदाडला नदीत भरती शिरते तिथून थेट आगरदांड्याच्या धक्क्यापर्यंत. खारे बांध, त्यामागची शेतं, कोळीवाड्यातले वाकट्या वाळत घालायचे मांडव, कोळसा नि पेंढा भरून मुंबईला जाणारे मचवे, सगळं त्यात आलं आहे. एवढं काम मी जन्मात दुसरं केलं नाही. दोन वर्षं एक रविवार घरी बसले नाही. आई म्हणायची, "शाळेची बाई हायस का टपालवाली?"

मला फार आवडलं होतं ते काम, दादा. ही आपली नदी मुलांना शिकवताना मी एका ओळीत संपवायचे. चालायला लागल्यावर कळलं, ती केवढ्या लोकांना पोसते. वरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी आणि कातकऱ्यांच्या कोळशाच्या भट्ट्या. मध्ये आपल्यासारखे भातवाले. आणि खाडीवरची कोळीण सुकट घेऊन एवढा चढ चढून येते ती पायलीभर भातासाठी. तिसरीच्या मुलांना हे पुस्तकात वाचायला मिळणार, त्यात त्यांच्या गावाचं नाव असणार, या आनंदात मी होते.

तूच सांगितलं होतंस, "नुसते डोंगर-नद्या नकोत. घरवार लिही. कोण काय पिकवतो, जमीन कोणाची, कसतो कोण, कोणाचा माणूस मुंबईला आहे. खरा भूगोल तोच." मला ते इतकं पटलं, की वहीच्या पहिल्या पानावर मी तुझं हे वाक्य लिहून काढलं होतं.

आणि लोकांनी सांगितलं रे. पुरुष असते तर ओटीवर पाणी देऊन वाटेला लावलं असतं. मला चुलीपर्यंत घेतलं.

कोंडाजीची बायको सोनाबाई तुला आठवत असेल. शाळेमागचं शेत खोतांचं, पण कोंडाजीच्या आज्यापासून तेच कसतात. पावती एक नाही. मी गेले त्या वर्षी कोंडाजी मुंबईला गोदीत होता. मी विचारलं, "मग नांगर कोणी धरला?" ती हसली. म्हणाली, "धर्मानं. माजा दीर, पलीकडं येगळा ऱ्हातो. बाईनं नांगर धरला तर गाव काय म्हनंल? पन लावनी माजी, बेननी माजी, कापनी बी माजीच हाय."

मी वहीत लिहिलं, "घरधनी मुंबईस. शेत वेगळा राहणारा दीर धर्मा नांगरतो." एवढंच. तिचं पुढचं वाक्य लिहिलं नाही. मला वाटलं, लावणी-कापणी काय, बायका करतातच, त्यात नोंदवायचं काय!

भाद्रपदात मला माणगावच्या कचेरीचं समन्स आलं. शाळेच्या हजेरीपटाचं काही असेल म्हणून मी गेले. तिथे कोंडाजी होता, सोनाबाई होती. कूळकायद्याने शेत कसणाऱ्याच्या नावावर व्हायचं होतं, आणि खोतांनी हरकत घेतली होती की कोंडाजी कसतच नाही. घरातलं कोणी कसत असतं तर चाललं असतं, वेगळा राहणारा भाऊ त्यात धरत नाहीत. खोतांच्या बाजूने, तू ज्यांच्याकडे कारकुनी करतोस ते तुझे वकीलसाहेब उभे होते. त्यांनी बॅगेतून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली.

मी आधी ओळखलीच नाही. खरंच सांगते. मला वाटलं, माझ्या वहीसारखीच आणखी एक वही. मग त्यांनी नदीचा नकाशा असलेलं पान उलटलं. माझ्या हातचा नकाशा. थेट कोंडाजीच्या पानावर आले, कारण पानाचा कोपरा दुमडलेला होता. त्यांनी ती मला ओळखायला हातात दिली, तेव्हा मी चाळली. पानोपानी लाल पेन्सिलीच्या खुणा. ज्या घरचा पुरुष मुंबईला, त्यावर खूण. जिथे म्हातारी एकटी, तिथे खूण. आणि समासात तुझं अक्षर, "कामाचे."

"अक्षर तुमचं?"

"हो."

"लिहिलंय ते खरं?"

"हो."

मामलेदारसाहेब चांगले होते. त्यांनी स्वतःहून विचारलं, "बाई, ही वही तुम्ही कोणाला दिलीत? कशासाठी?"

इथपर्यंत मी हे पत्र चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा फाडलं. मी म्हणाले, "आठवत नाही."

तुझं नाव माझ्या जिभेवर होतं. पण मला पुण्याचं स्टेशन दिसलं. सासरच्यांनी कपाळ पांढरं करून मला परत पाठवलं होतं, सगळे म्हणत होते, बसू दे घरात. आणि तू माझी ट्रंक डोक्यावर घेऊन ट्रेनिंग कॉलेजपर्यंत चालत आला होतास. त्या माणसाचं नाव मी भर कचेरीत कसं घेऊ? पुस्तकासाठी दिली, एवढं जरी बोलले असते तरी साहेबांनी पुढचं विचारलं असतं, आणि सोनाबाईचं राहिलेलं, तिला कोणी न विचारलेलं वाक्य निघालं असतं. मी तुला वाचवलं आणि त्यांचं शेत गेलं.

बाहेर आल्यावर कोंडाजी माझ्याकडे बघेना. सोनाबाई मात्र जवळ आली. आवाज चढवला नाही तिने. "बाय, खोताच्या मानसानं इचारलं असतं तर म्या त्वांड उघडलं नसतं. तू इचारलंस म्हनून सांगितलं."

दसऱ्यानंतर खोतांची माणसं आली आणि तिने लावलेलं भात कापून घेऊन गेली. शाळेच्या खिडकीतून दिसत होतं. मुलं उठून बघायला लागली, मी त्यांना खाली बसवलं नाही.

तरी मी मनाची समजूत घालत होते, की वकिलांनी तुझ्या टेबलावरून वही उचलली असेल. ती लाल पेन्सिल डोळ्यांनी पाहिलेली असूनसुद्धा. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत अलिबागला तुझ्या घरी आले. तू पनवेलला गेला होतास. तू कळवलेल्या नावाचा छापखाना मी दिवसभर शोधला. त्या नावाचा छापखाना अलिबागेत नाही आणि कधी नव्हता. वहिनीला विचारलं, "पुस्तक कुठवर आलं?" ती बिचारी म्हणाली, "पुस्तक कसलं? यांना तर हेडक्लार्क केलं, त्यातच सगळा वेळ जातो." मी चहा न घेता निघाले. तिला वाटलं, माझं काही बिनसलं.

म्हणजे पहिल्या दिवसापासूनच. मी उन्हातून चालत होते, तुला लिहीत होते, "दादा, आज अमक्या वाडीला गेले," आणि तू उत्तरात शाबासकी देत होतास. त्या शाबासक्या मी ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. परवा चुलीत घातल्या.

आईला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "शिवदासाला ठावं व्हतं?" मी हो म्हणाले. त्या दिवशी ती जेवली नाही.

मग मी कोंडाजीच्या घरी गेले. आत बोलावलं नाही, अंगणातच उभी राहिले. म्हटलं, "अपील करा. अर्ज मी लिहिते. या वेळी मी सगळं बोलेन." कोंडाजी म्हणाला, "आता काय ऱ्हायलंय बोलायचं?" सोनाबाई आतून म्हणाली, "लिहू दे तिला."

परवा शुक्रवारी अपील ऐकायला प्रांतसाहेबांचा मुक्काम माणगावला होता. तिथे मी तुझं नाव घेतलं, दादा. शिवदास, माझा सख्खा भाऊ, खोतांच्या वकिलांचा कारकून. पुस्तकाचं खोटं सांगून वही मागवली. छापखाना नाही हेही सांगितलं. मागच्या खेपेला मी खोटं बोलले, तेही सांगितलं, आणि त्याची शिक्षा होणार असेल तर ती घेईन म्हटलं. मग सोनाबाईचं पुरं वाक्य सांगितलं. साहेबांनी तिला पुढे बोलावून हात बघितले. बोटांच्या बेचक्यांत लावणीतल्या चिखल्यांचे वण अजून आहेत तिच्या.

निकाल रद्द झाला. फेरचौकशी होईपर्यंत शेत कोंडाजीकडे राहणार. परतताना एसटीत सोनाबाई माझ्या पुढच्या बाकावर बसली होती. तळ्याशी उतरली आणि मागे न बघता घराच्या वाटेला लागली. मी दुसरी अपेक्षाही केली नव्हती.

दुसरी वही तुला मिळणार नाही. ती घेऊन मी खाडीकडच्या गावांत पुन्हा जाते आहे. ज्याचं त्याला वाचून दाखवते, राहिलेलं लिहिते, आणि त्यांचे कूळकायद्याचे अर्ज तिथेच करून देते. यात बायकांची नावं इतकी निघाली, की पानं जोडावी लागली. खोतांच्या माणसांनी माझ्या बदलीची खटपट चालवली आहे असं ऐकते. होईल तेव्हा होईल.

फेरचौकशीची तारीख फाल्गुनात आहे. तुला समन्स येईल. आजारी आहे म्हणून कळवू नकोस. ये, आणि सोनाबाईसमोर उभं राहून सांग, भूगोल कशासाठी हवा होता.

आईने तुला आशीर्वाद सांगितले आहेत. ते तिचे आहेत, म्हणून लिहिते. माझं म्हणून आज काही लिहवत नाही.

वेणू