न भिजलेलं रजिस्टर

प्रिय भिंगरी,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, गुडघा काय म्हणतोय?" मी म्हणालो, "म्हणायचं काय, कुरकुरतोय." तू हसलीस. आई शेजारीच उभी होती, ती हसली नाही. फोन ठेवल्यावर म्हणाली, "किती दिवस गुडघ्यावरच बोलणार आहात?" म्हणून आज लिहायला बसलो. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तुला माहीतच आहे. पण फोनवर तू मध्येच काहीतरी मायेचं बोलतेस आणि माझं बोलायचं राहून जातं. कागद मध्ये बोलत नाही.

बियाण्यांच्या प्रयोगशाळेत तुला स्वतःचं टेबल मिळालं, ही बातमी आईने अख्ख्या वसाहतीला ऐकवून टाकली. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या आणि आठ दिवसांनी किती उगवल्या ते मोजायचं, हे तुझं काम ऐकून मला गंमत वाटते. मी चोवीस वर्षं विद्यापीठाच्या या मैदानावर मूठमूठ गवताचं बी अंदाजाने फेकत आलो. तू सहा वर्षांची असल्यापासून सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर यायचीस. दोरीचं एक टोक तुझ्या हातात, दुसरं खुंटीला, आणि मी चुन्याची गाडी ढकलणार. एका जागी उभं राहणं तुझ्या जिवावर यायचं, म्हणून तर तू भिंगरी. एकदा फुलपाखरू दिसलं आणि तू दोरीसकट पळालीस. मी मान खाली घालून चुना सोडत राहिलो. दुसऱ्या दिवशी पाहुण्या संघाबरोबर आलेल्या पंचांनी विचारलं, "ही रेघ आहे की नदी?" पुढे तू याच विद्यापीठात वनस्पतिशास्त्राला प्रवेश घेतलास आणि माझ्याच गवताची लॅटिन नावं मला शिकवायला लागलीस. संध्याकाळी वर्ग सुटला की मैदानावर यायचीस, माझा रिकामा डबा तुझ्या पिशवीत टाकायचीस, आणि आपण दोघं चालत घरी जायचो. मला वाटायचं, माणसाला याहून जास्त काय हवं.

पुढचं बरंचसं तुला माहीत आहे. तरीही मला ते माझ्या बाजूने एकदा क्रमाने लिहू दे. नाहीतर मी पुन्हा गुडघ्यावर जाईन.

कप्तान मला आवडायचा. हे आधी सांगतो, कारण हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. फुटबॉलच्या संघात इतकी मुलं आली नि गेली, पण सराव संपल्यावर उखडलेली ढेकळं स्वतःच्या बुटाने दाबून बसवणारा तो एकटाच. मला काका म्हणायचा. त्याने गोल केला की मी बाजूच्या रेघेवर उभा राहून लहान पोरासारख्या टाळ्या पिटायचो. मुख्य फाटकावर त्याचा फोटो लागला तेव्हा मी आईला मुद्दाम दाखवायला नेलं होतं. आई त्या वेळी संघाच्या जर्सीवर आकडे शिवून द्यायची. त्याचा नऊ आकडा तिनेच शिवला होता.

त्या दिवशी, उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी, पंपाजवळचा पाइप फुटला. चार वाजल्यापासून मी तिकडे चिखलात होतो. तू नेहमीप्रमाणे मला शोधत आलीस. ऑफिसात मी नव्हतो, म्हणून मागच्या सामानाच्या खोलीकडे गेलीस, कारण तिचं दार उघडं दिसलं. त्या खोलीत काय झालं ते तू तुझ्या तक्रारीत तीन पानं लिहिलंस. ते तुझे शब्द आहेत, मी ते माझ्या हाताने पुन्हा लिहिणार नाही. मला एवढंच आठवतं की घरी येताना तू माझ्या दोन पावलं मागे चालत होतीस आणि मी तुला पाइपाबद्दल सांगत होतो. डोकं दुखतंय म्हणालीस. मी म्हणालो, चहा घे, बरं वाटेल. पाच दिवस तू तशीच होतीस. सहाव्या दिवशी तू आईला सांगितलंस, आणि आईने मला.

आई म्हणत होती, आधी पोलिसांत जाऊ. मी म्हणालो, विद्यापीठाची समिती आहे, नियम आहेत, आपलीच माणसं आहेत, घरातली गोष्ट घरात मिटेल. समितीने तीन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. पहिली तारीख अंतिम सामन्यासाठी पुढे ढकलली. दुसरी त्याच्या पायाला लागलं म्हणून, तिसरी परीक्षा म्हणून. तोवर बातमी सगळीकडे पसरली होती. उपाहारगृहात तो आला की मुलं टाळ्या वाजवायची आणि तू आलीस की बाकं सरकायची. तुझ्या वर्गातल्या बाकावर कुणीतरी खडूने नऊ आकडा काढला. तो तू ओढणीने पुसलास, हे मला फार उशिरा कळलं. तू सांगितलंस त्याच दिवसापासून आईने जर्सी शिवणं बंद केलं. एका शब्दाने कुणाला काही न सांगता तिने कापडाचं गाठोडं परत पाठवलं. मी मात्र अंतिम सामन्यासाठी रोलर फिरवला, पाणी मारलं, रेघा ओढल्या. त्या हिरवळीवर तो जिंकला. नोकरी आहे, करावंच लागतं, असं मी तुला म्हणालो, आणि तू मान हलवलीस.

चौकशीच्या दिवशी तुला दोन तास प्रश्न विचारले. तिकडे गेलीसच कशाला, ओरडली का नाहीस, पाच दिवस का थांबलीस. समितीतले एक गृहस्थ दर दहा मिनिटांनी "शेवटी दोघंही आपलीच मुलं" असं म्हणून कपाळ पुसत होते. तो वकिलाबरोबर आला आणि पंधरा मिनिटांत मोकळा झाला. म्हणाला, मी पाच वाजल्यापासून व्यायामशाळेत होतो, खोलीला कुलूप होतं, किल्ली मी घेतलीच नाही. मग अध्यक्षबाईंनी मला आत बोलावलं. तू भिंतीजवळच्या खुर्चीवर बसली होतीस. त्यांनी विचारलं, "किल्ल्या कोण नेतं याची नोंद तुमच्याकडे असते ना?" मी म्हणालो, असते, पण त्या महिन्याचं रजिस्टर पाइप फुटला तेव्हा भिजलं, पानं चिकटली, टाकून दिलं. बाईंनी लिहून घेतलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे.

बाहेरच्या जिन्यावर माझी एक पायरी चुकली. तू माझा दंड धरलास आणि म्हणालीस, "जाऊ दे बाबा. पाइप फुटला त्यात तुझा काय दोष?" पोरी, तुझ्यावर आभाळ कोसळलं होतं आणि तू मला सावरत होतीस. पंधरा दिवसांनी निकाल आला. नेमका पुरावा न मिळाल्याने तक्रार निकाली, दोन्ही विद्यार्थ्यांनी यापुढे जबाबदारीने वागावं. तुला हवं तर सायंकाळच्या वर्गात बदलून देऊ, असंही खाली लिहिलं होतं. शेवटचं वर्ष अर्धवट टाकून तू मावशीकडे गेलीस. पदवी बाहेरून पूर्ण केलीस, नोकरी मिळवलीस. आणि या दोन वर्षांत माझ्यावर एकदाही चिडली नाहीस. गुडघ्याला बांधायचा पट्टा पाठवलास. दर रविवारी फोन केलास. तू शिव्या दिल्या असत्यास, तोंड पाहणार नाही म्हणाली असतीस, तर मला ते सोपं गेलं असतं.

कारण रजिस्टर भिजलं नव्हतं.

तू तक्रार दिलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी क्रीडासंचालकांनी मला बोलावलं. बावीस वर्षांत त्या केबिनमध्ये मी कधी बसलो नव्हतो. त्या दिवशी त्यांनी उठून खुर्ची पुढे केली, चहा मागवला. म्हणाले, "तुमच्या मनाची काय अवस्था असेल, मी समजू शकतो. मीही मुलीचा बाप आहे." मग हळूच म्हणाले, "हे वाढलं तर मुलाचं एक वर्ष जाईल. पण तिचं नाव जन्मभर लोकांच्या तोंडी राहील. तुम्ही शहाणे आहात." उठताना जाता जाता विचारावं तसं विचारलं, "ते किल्ल्यांचं रजिस्टर तुमच्याचकडे असतं, नाही का? जुनं झालं असेल. नवं सुरू करा." लपवा म्हणाले नाहीत, फाडा म्हणाले नाहीत. मी परत येऊन त्या दिवसाचं पान उघडलं. सामानाची खोली. नेली पाच चाळीसला, परत सहा पंचवीसला. मी पंपाजवळ होतो म्हणून वेळाही त्यानेच लिहिलेल्या, समोर त्याची ती ऐटबाज सही, चेंडूंच्या जाळीसाठी रोज करायचा तशी. मी रजिस्टर शर्टाच्या आत घातलं, घरी आणलं आणि पेटीत जुन्या रजयांखाली ठेवलं. संचालकांच्या चहाची गोडी माझ्या तोंडात अजून होतीच.

तुझ्या नावासाठी केलं, असं मी दोन वर्षं स्वतःला बजावत आलो. ते अर्धंच खरं आहे. वसाहतीतली ही खोली जाईल याची भीती होती, नोकरीची होती. आणि लाज वाटते लिहायला, पण अंतिम सामना तीन आठवड्यांवर होता आणि त्याच्याशिवाय आपला संघ हरला असता, हाही विचार माझ्या मनात येऊन गेला. कुंपणानेच शेत खाल्लं, भिंगरी. तू एकटी त्या खोलीत त्या लोकांसमोर खरं बोलत होतीस, आणि ते खरं ठरवणारं पान तुझ्या बापाच्या घरात होतं, तू झोपायचीस त्या पलंगापासून चार हातांवर.

मागच्या महिन्यात एक मुलगी माझ्या ऑफिसात आली. अडथळ्यांच्या शर्यतीत धावते, पहिल्या वर्षाला आहे. कप्तान आता सहायक प्रशिक्षक होऊन परत आलाय, हे मी तुला सांगितलं नव्हतं. आईलाही फोनवर सांगू दिलं नाही. ती मुलगी दारातच उभी राहिली. बसा म्हटलं तर बसली नाही. म्हणाली, "काका, किल्ल्यांची नोंद असते ना? मला एका तारखेचं पान बघायचंय. मी तक्रार देण्याआधी कुणीतरी ते हलवेल अशी मला भीती वाटते." तिचा आवाज स्थिर होता, हात मात्र पिशवीच्या पट्ट्याला पीळ घालत होते. मी तारीख विचारली नाही. रजिस्टर तिच्यासमोर उघडं ठेवलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. मी दोन वर्षांपूर्वी तोंड उघडलं असतं, तर या मुलीला माझ्या दारात यावंच लागलं नसतं. हे मला कुणी सांगायला नको होतं.

त्या संध्याकाळी मी आईसमोर पेटी उघडली. तिने पान वाचलं, वेळ वाचली, सही पाहिली. मला वाटलं रडेल, ओरडेल. तिने रजया पुन्हा घडी करून आत ठेवल्या आणि म्हणाली, "उद्या सकाळी पहिलं काम. आणि तिला हे तुम्हीच कळवा. माझ्या तोंडून कळायला नको." तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो. मी दोन्ही रजिस्टरं दिली आणि जबाब दिला, समितीपुढे खोटं बोललो तेही आणि संचालकांच्या चहासकट सगळं. विद्यापीठाने मला निलंबित केलंय. खोली महिनाअखेर सोडायची आहे. आईने वसाहतीबाहेरच्या किराणा दुकानाजवळ दोन खोल्या बघितल्यात. संचालक म्हणतात असं काही बोलणं झालंच नव्हतं. कप्तान सध्या रजेवर आहे, कारण लिहिलंय प्रकृती. पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही. त्या मुलीच्या वर्गातही आता बाकं सरकायला लागली असतील.

तपास करणाऱ्या अधिकारी बाई सोमवारी तुला फोन करणार आहेत. शांतपणे बोलतात, घाई करत नाहीत. तुझी जुनी तक्रार पुन्हा उघडता येईल, असं त्या म्हणतात, आणि ती कशामुळे उघडते आहे हे सांगताना त्यांना माझं नाव घ्यावंच लागेल. ते तुला परक्या माणसाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. त्यांना हो म्हणायचं की नाही ते तुझ्या मनावर आहे. पुन्हा ते सगळं बोलायचं नसेल तर नको बोलूस, तसं मी त्यांना सांगून ठेवलंय, त्या मुलीलाही सांगितलंय. क्षमा मागत नाही, कारण मागितली तर तू देऊन टाकशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. आई रविवारी सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येते आहे. मी येत नाही. तुला माझं तोंड पाहावंसं वाटलं, मग ते कितीही वर्षांनी असो, आणि फक्त भांडायला असो, तर एक निरोप धाड. मी निघेन.

तुझाच, तू समजत होतीस तसा नसलेला,
बाबा