दुधाचे दात

३ मार्च

हादरले आहे. सकाळी कुत्र्याच्या पिल्लाला पहिली लस टोचली आणि घरी पोचेपर्यंत त्याचं तोंड सुजून भोपळा! डोळे मिटलेले. धावत परत दवाखान्यात. डॉक्टरांनी शांतपणे दुसरी सुई दिली. "होतं असं क्वचित. म्हणून म्हटलं होतं, अर्धा तास इथेच बसा." म्हटलं होतं खरं. घाई माझीच. तरी राग त्यांचाच आला — हे बरोबर नाही, पण आला.

निघताना माझ्या लेकीचं, चिमणीचं, बोट बघून म्हणाले, "याचे दात लागलेत? साबणाने भरपूर धुवा आणि मुलीला आजच रेबीजची इंजेक्शनं सुरू करा."

एवढ्याशा पिल्लाचे दात! बेकरीच्या मागच्या अंगणातून परवाच तर आणलंय.

घरी वन्सं हसल्या. "कुत्र्याला सुई, पोरीला सुई! उद्या मलाही टोचतील. दुधाचे दात गं ते, वहिनी."

४ मार्च

सूज उतरली. पिल्लू चप्पल सोडून आता माझी बोटं चावतंय. म्हणजे डॉक्टरांना कळतं? की नुसतं नशीब? चिमणीचा ओरखडा आता दिसतही नाही. पण ते सुजलेलं तोंड डोळ्यांसमोरून हलत नाही. सुईने तिचंही असं झालं तर?

७ मार्च

अजून ठरत नाही. आज एका स्वल्पविरामासाठी लेखकाला दोनदा फोन केला. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तू प्रुफंच तपास." आणि चिमणीला घेऊन बाजारात गेल्या. परत बाजार!

११ मार्च

डॉक्टरांचा फोन. बेकरीत राहिलेली पिल्लाची बहीण सकाळी गेली. पाणी गिळेना, दिसेल त्याला चावत होती. "रेबीजच वाटतोय. मुलीची इंजेक्शनं चालू आहेत ना?"

पिल्लाला वेगळं ठेवायला ते स्वतः येऊन घेऊन गेले. शेपूट हलवत गेलं. चिमणी शाळेतून येईल, तशीच नेते.

त्याच दिवशी, संध्याकाळी

रुग्णालयात नर्स चिमणीची बाही सारायला गेली, तर ही म्हणते, "माझी तीन झाली! आत्या आणते. आईला सांगायचं नाही म्हणाली — ती विचार करत बसते."

मग मी माझी बाही वर केली.