साखरपुड्यापुरतं

२४ ऑगस्ट २००८, गुडगाव

आज गोळी घेतली नाही. बेसिनमध्ये टाकली आणि नळ सोडला. बोलणार कुणाशी? म्हणून इथे लिहितेय.

डोळे इतके सुजतात की सकाळी आरशात मीच मला ओळखू येत नाही – रात्रभर रडल्यासारख्या पापण्या! ऑफिसात रोज कुणीतरी विचारतं, "सब ठीक है ना, माधवी?" ठीकच आहे. ल्युकेमिया गेला, रिपोर्ट स्वच्छ आहेत. भावाने, धीरजने, दिलेल्या पेशी माझ्या हाडांत दीड वर्ष सुखाने नांदताहेत. रक्तगटसुद्धा त्याचाच झालाय. सासूबाई चिडवतात, "आता तू पुरती माहेरची झालीस गं!" मग ही गोळी कशाला? डॉक्टर म्हणतात, एखादी चुकार पेशी उरली असेल तर ती दबून राहावी म्हणून.

दसऱ्याला धीरजचा साखरपुडा. एकुलता एक पाठचा भाऊ. त्याच्या फोटोंत मला आजारी दिसायचं नाही. तेवढ्यापुरतं थांबते.

३१ ऑगस्ट

सूज उतरली. मळमळही गेली. वरण-भात चवीने जेवले. गोळ्यांचं रिकामं पाकीट बघून जयंत म्हणाला, "शाब्बास!" नवऱ्याची शाबासकी अशी कधी टोचली नव्हती.

१४ सप्टेंबर

सोमवारपासून सुरू करायची, असं दर रविवारी ठरवते. सोमवार येतो नि जातो. मला काहीच होत नाहीये, हेच वाईट. काही झालं असतं तर घेतली असती.

सासूबाईंनी सहज विचारलं, "औषध झालं का?" तर मी केवढ्याने ओरडले! चोराच्या मनात चांदणं.

९ ऑक्टोबर, दसरा

साखरपुडा छान झाला. करोल बागेतला हॉल, झेंडूची तोरणं, बाहेर गाड्यांचा गोंगाट. क्षिप्राचे वडील गुलाबराव मूळचे विट्याकडचे, इथे सोनं गाळायचा धंदा. तिघी बहिणी दिल्लीतच वाढलेल्या. क्षिप्रा मला मिठी मारून म्हणाली, "ताई, तुम्ही तर बिल्कुल बीमार वाटतच नाही!" मी मिरवले. प्रत्येक फोटोत पुढे!

मग गुलाबरावांनी धीरजला बाजूला घेतलं. मी मागेच उभी होते. "पेशी दिल्यात तुम्ही. पुढं काही कमजोरी, त्रास...?"

धीरज हसला. "काही नाही हो, त्या परत तयार होतात. आणि ताईकडे बघा ना! माझंच काम आहे ते."

श्रीखंडाची वाटी तशीच ठेवून दिली. उद्यापासून गोळी. देवाशपथ.

१० ऑक्टोबर

घेतली. उलटी झाली. पुन्हा घेतली.

१७ ऑक्टोबर

दर तीन महिन्यांची तपासणी. रक्तात ल्युकेमियाची खूण परत दिसलीये. थोडीच आहे, पण आहे.

जयंत दौऱ्यावर, म्हणून धीरज सोबत आला होता. डॉक्टरांनी विचारलं, "दवा रोज़ ले रही हैं ना?" धीरज शेजारी बसलेला. मी म्हटलं, "जी."

म्हणजे या गोळीचा उपयोग होत नाही, असं डॉक्टरांनी धरलं. आता दुसरी, जास्त कडक. शिवाय धीरजच्या पांढऱ्या पेशी पुन्हा घेऊन मला द्यायच्या. त्या माझ्या लिव्हरवर, आतड्यांवर उलटू शकतात, तेही त्यांनी समजावलं. माझ्या एका 'जी'वर हे सगळं चाललंय! खरं बोलायला तोंड उघडलं, आणि विचारलं काय, तर रिपोर्टची कॉपी मिळेल का.

टॅक्सीने निघालो. टोलनाक्याच्या रांगेत धीरज म्हणाला, "ताई, माझ्याच पेशी कच्च्या निघाल्या."

मी टोलचे सुटे पैसे मोजत बसले. नाही रे, एवढे दोन शब्द! तेही नाही निघाले.

१८ ऑक्टोबर

त्याने लग्न पुढे ढकललं. गुलाबरावांना म्हणे स्वतःच फोन केला. ते नाराज आहेत – असणारच, मुलीचे वडील. क्षिप्रा रडतेय.

काल रात्री तो आमच्याकडेच राहिला. सासूबाई सांगत होत्या, सकाळपासून बीट, खजूर, अंडी असं काय काय खातोय. "या वेळी चांगल्या निघायला हव्यात," म्हणाला. ज्याला बीटाचा वाससुद्धा सहन होत नाही!

नीच आहे मी.

१९ ऑक्टोबर

मरणाची भीती वाटतेच. पण त्याला कळेल, याची जास्त वाटते. लिहितानाही लाज वाटतेय.

२० ऑक्टोबर

सांगितलं. आधी डॉक्टरांना फोनवर, मग धीरजला समोर बसवून. फोटोंपायी, हेही सांगितलं. मला वाटलं ओरडेल, उठून जाईल.

तो म्हणाला, "म्हणजे माझ्या पेशी चांगल्या होत्या ना, ताई?" आणि हमसून हमसून रडायला लागला.